कुठल्या दाराला ठसा, कुठल्या दाराला नाही: बडोद्यातल्या शाळा-वसतिगृहांसाठी सविस्तर मार्गदर्शन

संस्थेच्या बैठकीत सुरक्षेचा विषय निघाला की हल्ली कुणीतरी लगेच म्हणतं, "गेटवर थंब मशीन बसवून टाकू." मशीन बसवायला दोन दिवस पुरतात. पण ते कुठल्या दाराला बसवायचं, कुणाचे ठसे घ्यायचे आणि कुणाचे मुळीच घ्यायचे नाहीत, हे ठरवायला महिनाभर द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कार्ड हरवलं तर नवं देता येतं, पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोटाचा ठसा एकदा चोरीला गेला की तो आयुष्यभरासाठी गेला. २०१५ मध्ये अमेरिकन सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयातून सुमारे ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. त्या माणसांसाठी त्यावर आजही उपाय नाही. म्हणून ठसे कमीत कमी घ्यावेत, आणि जिथे घेऊ तिथली व्यवस्था पक्की करावी.

हा लेख विश्वस्त, मुख्याध्यापक, रेक्टर आणि संस्थेचं कार्यालय सांभाळणाऱ्यांसाठी आहे. दांडिया बाजारातली जुनी शाळा असो, प्रतापगंजातलं वसतिगृह असो की वाघोडिया रस्त्यावरचं नवं कॉलेज, पायऱ्या याच राहतील.

पहिली पायरी: दारं मोजा

वॉचमनला बरोबर घ्या आणि आवारातून तीन वेळा फेरी मारा: सकाळी शाळा भरताना, भर दुपारी आणि रात्री अकरानंतर. प्रत्येक दाराचं नाव कागदावर लिहा. त्यात मेसमागची भाजी उतरवायची फट, गच्चीचा जिना, शेजारच्या वाड्यात उघडणारं आणि कायम अर्धवट लोटलेलं दार, हे सगळं आलं पाहिजे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या आवारांमधून सार्वजनिक रस्ते जातात, तसंच आपल्या बऱ्याच जुन्या संस्थांचं आहे. आवाराला सलग कुंपणच नसेल, तर मुख्य गेटवरचं महागडं मशीन म्हणजे वाया गेलेला पैसा. आधी कुंपण, दिवे आणि कड्या-कुलपं.

यादी झाली की प्रत्येक दारापुढे दोन गोष्टी लिहा: रोज किती माणसं जातात, आणि आत काय आहे. मग चित्र आपोआप दिसतं. प्रश्नपत्रिकांची खोली, सर्व्हर, रसायनांचं कोठार, हिशेबाचं कपाट ठेवलेली खोली ही दारं ठशासाठी सगळ्यात योग्य. तिथे जाणारी माणसं पाच-दहा असतात आणि आत कोण गेलं होतं हे निःसंशय कळणं गरजेचं असतं. वसतिगृहाचं मुख्य दार दुसऱ्या क्रमांकावर. तिथे ठसा चालतो, पण कार्डाच्या जोडीने.

शाळेच्या मुख्य फाटकाला मात्र ठसा लावू नका. हिशेब सोपा आहे. बोट ठेवणं, दिवा हिरवा होणं, माणूस पुढे सरकणं यात सरासरी चार सेकंद धरली तर एका मशीनवरून मिनिटाला पंधरा मुलं जातात. घंटेआधीच्या पंधरा मिनिटांत सव्वादोनशे. सहाशे मुलांची शाळा असेल तर तीन मशीनं लागतील, आणि एक बंद पडलं की रस्त्यावर रिक्षांमध्ये मुलांची रांग उभी राहील. ती रांग हाच सुरक्षेला मोठा धोका आहे. फाटकावर ओळखपत्र आणि मुलांचे चेहरे ओळखणारा वॉचमन हवा. अशा माणसाचा पगार वाढवायचा की मशीन घ्यायचं असा प्रश्न पडला, तर मी पगार वाढवीन.

पाहुणे, पालक, दूधवाला, गॅसवाला यांचे ठसे कधीही घेऊ नका. त्यांच्यासाठी वही आणि तारखेचा पास पुरतो.

मशीन नेमकं काय बघतं

बोटावरच्या रेघा कुठे संपतात आणि कुठे दोन फाटे फुटतात, या बिंदूंची जागा आणि दिशा मशीन टिपतं. चांगलं मशीन ठशाचा फोटो न साठवता या बिंदूंची सांकेतिक नोंद साठवतं, तिला टेम्प्लेट म्हणतात. "टेम्प्लेटवरून ठसा परत बनतच नाही," असं विक्रेते ठामपणे सांगतात. त्यावर विसंबू नका, कारण टेम्प्लेटवरून कामापुरता ठसा पुन्हा रचता येतो, हे संशोधकांनी दाखवलं आहे. टेम्प्लेटही ठशाइतकंच जपायचं.

आता खरा मुद्दा. मशीन दोन तऱ्हेने काम करू शकतं. एक, तुम्ही कार्ड लावता किंवा क्रमांक दाबता, आणि मशीन फक्त तुमच्याच नोंदीशी बोट पडताळतं. दोन, तुम्ही नुसतं बोट ठेवता आणि मशीन साठवलेल्या सगळ्या ठशांमधून तुम्हाला शोधतं. हा दुसरा प्रश्न जुनाच आहे. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं जे कार्यालय सुरू झालं, तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी हजारो कागदांमधून एक ठसा झटपट सापडावा म्हणून वर्गीकरण बसवलं. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं लागलं. या दोघांची नावं आपल्या मुलांना माहीत असायला हवीत.

हजारोंमधून शोधताना चूक वाढते. माहितीपत्रकात "दहा लाखांत एक चूक" असं लिहिलेलं असतं, ते एका तुलनेबद्दल असतं. दोन हजार जणांची प्रत्येकी दोन बोटं म्हणजे चार हजार नोंदी. परक्या माणसाने एकदा बोट ठेवलं की चार हजार तुलना होतात, म्हणजे साधारण अडीचशे प्रयत्नांत एकदा दार चुकून उघडू शकतं. कार्डासोबत बोट असेल तर तुलना फक्त दोन नोंदींशी होते आणि हा प्रश्न जवळपास मिटतो. म्हणून पन्नास माणसांपर्यंत नुसतं बोट ठीक आहे. त्याच्या पुढे कार्ड आणि बोट, असा नियम ठेवा.

मशीनमध्ये काटेकोरपणाची पातळी कमीजास्त करता येते. ती वाढवली की परका माणूस आत येण्याची शक्यता घटते, पण आपल्याच माणसाला मशीन जास्त वेळा नाकारतं. वसतिगृहात मधली पातळी ठेवा, प्रश्नपत्रिकांच्या खोलीला वरची. रांग होते म्हणून बसवणाऱ्याने परस्पर पातळी खाली आणली आहे का, हे अधूनमधून स्वतः तपासा.

दुसरी पायरी: आपल्या माणसांचे हात पाहा, मग सेन्सर निवडा

मशीन दुकानातल्या माणसाच्या बोटावर छान चालतं. आपल्याकडचे हात वेगळे असतात. ललित कलेची मुलं दिवसभर माती, प्लास्टर आणि छपाईच्या शाईत असतात. सतार शिकणाऱ्यांच्या डाव्या तर्जनी-मध्यमेवर तारेचे घट्टे पडतात. मेसमधल्या मावशींची बोटं भांडी घासून आणि गरम तव्याला लागून गुळगुळीत झालेली असतात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीसांचं तसंच. कर्करोगावरच्या काही औषधांनीही ठसे पुसट होतात. ते कारण माणसाला दारात उभं राहून सांगावं लागू नये, याची काळजी आपणच घ्यायची.

शिवाय बडोद्याचं आपलं पंचांग आहे. नवरात्रात गरब्यासाठी हातभर मेंदी लागते आणि ऑप्टिकल सेन्सर गडबडतो. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दोन दिवसांत पतंगाच्या दोरीने तर्जनी कापली नाही असा मुलगा सापडणं कठीण, त्यामुळे १६ जानेवारीला निम्म्या बोटांना पट्ट्या असतात. पावसाळ्यात ओली बोटं, थंडीत कोरडी.

ऑप्टिकल सेन्सर बोटाचं प्रतिबिंब घेतो. तो टिकाऊ असतो आणि स्वस्त पडतो, पण ऊन, धूळ आणि मेंदी त्याला सहन होत नाही. कपॅसिटिव्ह सेन्सर त्वचेचा विद्युत गुणधर्म वाचतो. मेंदीचा त्याला कमी त्रास, पण फार कोरडं किंवा ओलं बोट चालत नाही. मल्टिस्पेक्ट्रल सेन्सर वेगवेगळ्या प्रकाशात त्वचेच्या पृष्ठभागाखालचंही वाचतो. तो महाग आहे, तरी मेस आणि कार्यशाळेच्या दाराला तोच घ्यावा. तीन-चार कंपन्यांची मशीनं आठवडाभर चाचणीला मागवा आणि पहिल्यांदा मेसमधल्या मावशींना वापरून पाहू द्या. त्यांच्या बोटावर चाललं तर सगळ्यांच्या बोटांवर चालेल.

नकली बोटाचंही विचारा. जपानच्या योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातल्या मात्सुमोतो यांच्या गटाने २००२ मध्ये साध्या जिलेटिनच्या बोटाने तेव्हाची बरीच मशीनं फसवून दाखवली होती. आता जिवंत बोट ओळखण्याची सोय मिळते. त्या चाचणीसाठी आयएसओ ३०१०७ हे मानक आहे, त्यानुसार तपासणी झाल्याचा कागद मागा.

तिसरी पायरी: दार, कुलूप, वायरिंग

इथे सगळ्यात जास्त निष्काळजीपणा होतो, म्हणून थोडं सविस्तर.

साधारणपणे काचेच्या किंवा लाकडी दाराला वरच्या बाजूला चुंबकी कुलूप लावतात. ६०० पौंडांचं, म्हणजे जवळपास २७० किलो ओढीचं कुलूप आतल्या खोल्यांना पुरतं. ते १२ व्होल्टवर चालतं आणि वीज असेपर्यंतच धरून ठेवतं. वीज गेली की दार मोकळं. म्हणून बॅटरी लागतेच. कुलूप आणि मशीन मिळून एक अँपिअर घेत असतील, तर ७ अँपिअर-तासाची नवी बॅटरी पाच-सहा तास काढते आणि दोन वर्षांची जुनी बॅटरी त्याच्या निम्मेही नाही. बॅटरी कधी बसवली ती तारीख तिच्यावरच मार्करने लिहा. कुलपाच्या टोकांवर उलटा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, लावला आहे ना, तेही पाहा. तो नसेल तर कुलूप सुटताना उठणारा विजेचा झटका मशीनचा रिले, म्हणजे कुलपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, हळूहळू खातो, आणि सहा महिन्यांनी "मशीन खराब निघालं" अशी तक्रार येते.

आता स्टूल घेऊन दारापाशी जा आणि वायर कुठून कुठे जाते ते स्वतः बघा. कुलूप उघडणारा रिले बाहेर भिंतीवरच्या मशीनच्या पोटात असेल, तर ते मशीन उचकटणाऱ्याच्या हातात कुलपाच्या वायरी येतात. बाहेर फक्त बोट वाचणारा भाग असावा, आणि निर्णय घेणारा कंट्रोलर आतल्या बाजूला, बंद पेटीत असावा. दोघांमध्ये जुनी विगँड पद्धतीची वायरिंग असेल तर माहिती संकेतात न बदलता उघडी जाते. नवं काम करताना आरएस-४८५ या लांब पल्ल्याच्या तारजोडणीवर चालणारी, कूटबद्ध (माहिती संकेतात बदलून पाठवणारी) ओएसडीपी पद्धत मागा. नेटवर्कची केबल १०० मीटरपुढे जात नाही. आरएस-४८५ हजार मीटरपुढेही जाते, त्यामुळे लांबच्या वसतिगृहाला तीच बरी.

मशीन जमिनीपासून सव्वातीन ते साडेतीन फुटांवर लावा, म्हणजे व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याचाही हात पोचतो. पश्चिमेच्या उन्हात लावू नका. मे महिन्यात तिथे बोट ठेववत नाही आणि ऑप्टिकल सेन्सर आंधळा होतो. उघड्यावर असेल तर वर छज्जा हवा आणि धूळ आणि पाणी आत न शिरू देणारी, आयपी ६५ दर्जाची पेटी.

आणि पूर. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी विश्वामित्री नदीचं पाणी शहरात किती आत आलं होतं ते आपण पाहिलं आहे. कंट्रोलर, बॅटरी, सर्व्हर यातलं काहीही तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नका. सर्व्हर पहिल्या मजल्यावर न्या. तळमजल्यावरच्या पेट्या छताजवळ बसवा.

आग लागली तर

ही पायरी चुकली तर बाकी सगळं निरर्थक आहे. २४ मे २०१९ ला सुरतेत तक्षशिला इमारतीतल्या क्लासला आग लागून २२ विद्यार्थी गेले. मुलांना खाली उतरायला वाट नव्हती. आपण बसवलेलं एकही कुलूप कुणाच्या वाटेत येता कामा नये.

बाहेर पडायला ठसा कधीच लागू नये. आतून हाताने ढकलताच उघडणारी कडी किंवा मोठं हिरवं बटण हवं, आणि शेजारी काच फोडून कुलपाची वीज थेट तोडणारा आणीबाणीचा स्विच. आगीच्या अलार्मच्या पॅनेलमधून एक रिले घेऊन त्याने सगळ्या चुंबकी कुलपांची वीज तोडायची. हे काम सॉफ्टवेअरवर सोडायचं नाही, वायरच तुटली पाहिजे. वीज नसताना बंद राहणारी कुलपं वसतिगृहाला किंवा वर्गांना लावू नका. काम पूर्ण झाल्याचं पत्र देण्याआधी सगळ्या मुलांना घेऊन एकदा खरी कवायत करा, आणि दिवे बंद करून करा.

चौथी पायरी: संमती

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली आहे. मुदत आहे म्हणून थांबू नका. कायद्यानुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांच्या सुरक्षिततेपुरती शाळांना नियमांत काही सवलत आहे, तरी ठशांच्या बाबतीत तिचा आधार न घेता लेखी संमती घ्याच. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. आपल्याकडे मराठी, गुजराती आणि हिंदी तिन्हीत छापा. मजकूर असा चालेल:

"वसतिगृहाचे दार उघडण्यासाठी आपल्या पाल्याच्या दोन बोटांच्या ठशांची सांकेतिक नोंद घेतली जाईल. तिचा दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापर होणार नाही. ठसा द्यायचा नसल्यास कार्ड आणि पिन मिळेल. त्यामुळे प्रवेश, शुल्क किंवा वागणूक यांत फरक पडणार नाही. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येईल."

यातलं तिसऱ्या-चौथ्या वाक्यातलं वचन मनापासून पाळायचं. ठसा न देणाऱ्या मुलीला रोज दहा मिनिटं दारात ताटकळत ठेवलं तर ती संमती उरत नाही, ती सक्ती होते.

आधारचा इथे काहीही संबंध येऊ देऊ नका. आधारसाठी दिलेले ठसे आधार क्रमांक तयार करणं आणि पडताळणी यांपलीकडे वापरायला कायद्याने मनाई आहे. मशीनमध्ये विद्यार्थ्याची ओळख म्हणून आधार क्रमांक न टाकता हजेरी क्रमांक टाका. लहान मुलांच्या बाबतीत आधारचाच धडा घ्यावा: पाच वर्षांखाली ठसे घेतले जात नाहीत आणि पाच व पंधराव्या वर्षी ते पुन्हा घेतात, कारण बोट वाढतं. प्राथमिक शाळेत ठसे घेऊच नयेत. माध्यमिकच्या वसतिगृहात दरवर्षी जूनमध्ये नव्याने घ्या.

पाचवी पायरी: नोंदणीचं टेबल

पुढच्या वर्षभराच्या कटकटी या टेबलावर ठरतात. घाई करायची नाही, एका माणसाला पाच मिनिटं द्यायची. टेबल सावलीत, शेजारी ओला आणि कोरडा असे दोन रुमाल.

बहुतेक जण बोटाचं टोक टेकवतात, तिथे रेघा कमी असतात. ठशाचा मध्य, म्हणजे जिथे रेघा भोवऱ्यासारख्या फिरतात तो भाग, साधारण नखाच्या मुळाच्या मागे असतो. बोट आडवं, सपाट ठेवायचं, मधला भाग काचेच्या मधोमध यायला हवा. फार जोराने दाबलं तर रेघा एकमेकींत मिसळतात, हलकं ठेवलं तर तुटक येतात. कोरड्या बोटाला ओल्या रुमालाचा नुसता स्पर्श पुरतो. मावशींचा अंगठा लागत नसेल तर "मावशी, आता डाव्या हाताचं मधलं बोट ठेवा बघू," असं म्हणून बोटं बदलत जा. बऱ्याचदा अनामिका किंवा डाव्या हाताचं मधलं बोट छान निघतं, कारण कामात ते कमी झिजतं. मशीन दर्जाचा आकडा दाखवतं, तो कमी असेल तर नोंद पुढे ढकलू नका, पुन्हा घ्या.

दोन हातांचं एकेक बोट घ्या, आणि त्यातलं एक तर्जनीखेरीजचं असू द्या. उत्तरायणात तेच उपयोगी पडतं. सगळं करूनही ठसा उठला नाही तर शांतपणे कार्ड द्या, आणि ते चारचौघांत जाहीर करू नका.

महिनाभर एकाच दारावर

सगळीकडे एकदम सुरू करू नका. एक दार निवडा, शेजारी जुनी वही चालू ठेवा आणि आठवड्याच्या शेवटी नाकारलेल्या प्रयत्नांची यादी काढा. वीसात एकापेक्षा जास्त वेळा जे नाकारले जातात, त्यांना बोलावून नोंद पुन्हा घ्या. दार वीस सेकंदांपेक्षा जास्त उघडं राहिलं की घंटा वाजते का, एकामागून एक तिघे आत जातात का, हेही याच महिन्यात पाहा. मुलं मैत्रीखातर दार धरून ठेवतात, ते त्यांना समजावूनच थांबतं.

नोंदी कोण पाहणार हे लेखी ठरवा: रेक्टर आणि एक विश्वस्त, बस. मुलींच्या वसतिगृहात कोण किती वाजता आलं याचे कागद स्टाफरूममध्ये फिरू लागले, तर आपण सुरक्षेच्या नावाखाली पाळत ठेवतो आहोत. ते मुलींवर अन्यायाचं आहे, आणि मग त्या खिडकीची वाट शोधतात. नियमांनुसार काही नोंदी किमान वर्षभर ठेवाव्या लागतात, कुठल्या त्या वकिलाकडून समजून घ्या. ठसे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर, कूटबद्ध असावेत. विक्रेत्याच्या क्लाउडवर नकोत. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. माहिती फुटलीच तर संबंधित लोकांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं असतं, आणि मंडळाकडे सविस्तर तपशील ७२ तासांत द्यायचा असतो. तो मसुदा आजच फाइलला लावून ठेवा.

वर्षाचं वेळापत्रक

मे महिन्यात, निकालानंतर, संस्था सोडलेल्यांचे ठसे प्रत्येक दारावरून काढा. सर्व्हरवरून काढलं की मशीनवरून निघतंच असं नाही, म्हणून एका माजी विद्यार्थ्याला बोलावून खरोखर बोट लावून पाहा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेट्यांची रबरं, छज्जे आणि बॅटऱ्या. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात कार्डं नीट चालतात ना ते. १६ जानेवारीला सकाळी दारावर एक माणूस जादा. सेन्सरची काच दर आठवड्याला मऊ कोरड्या कापडाने पुसायची, फिनेल किंवा ओला पोछा नको.

मुख्य पासवर्ड दोन बंद पाकिटांत ठेवा, एक अध्यक्षांकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये. विक्रेत्याचा माणूस बदलला किंवा आपला कारकून निवृत्त झाला, की त्याच दिवशी पासवर्ड बदलून पाकिटं नवी करायची, आणि तारखेसह दोघांच्या सह्या घ्यायच्या.